सगळ्या बायांसाठी वाण

माझ्या पोटात काही राहत नाही, यावर आमच्या दोन्ही घरांचं एकमत आहे. माहेर सावरगावचं, सासर पांढुर्ण्याचं, मधे जाम नदी. ही दोन्ही गावं वर्षातून एक दिवस जुन्या रीतीप्रमाणे एकमेकांवर दगड फेकतात आणि बाकीचे दिवस सोयरिकी जुळवतात. अशा दोन गावांचं माझ्याबद्दल एकच मत असावं, याचा मला बरीच वर्षं अभिमानच वाटायचा. लग्नघरी जेवणं आटोपली, बाया गादीवर लवंडल्या, की कोणीतरी म्हणतंच, "बोलवा वो तिले, सांगन एखादी." मग मी सांगते. कोणत्या काकांनी नवरदेवाच्या गाडीऐवजी कापसाच्या ट्रॅक्टरला हार घातला, कोणती मावशी बैतुलला म्हणून रेल्वेत बसली आणि इटारसीला जागी झाली. थोडा मसाला माझा असतो. ते सगळ्यांना माहीत असतं.

त्यामुळे एचआयव्ही असलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत मी लागले, तेव्हा घरात हसून हसून लोळण. कारण तिथली पहिली अट तोंड बंद ठेवायची. सासूबाईंनी विचारलं, "तिथं तुले बोलाचा पगार देते का न बोलाचा?"

"न बोलायचा."

"मंग पह्यल्याच महिन्यात घरी पाठवतीन."

नाही पाठवलं. त्या कामातलं एकही नाव मी कधी घरी आणलं नाही. आता लिहितानाही गाव थोडं इकडचं तिकडे केलं आहे, माणसं थोडी बदलली आहेत. घडलं ते मात्र बदललेलं नाही, आणि यात मसालाही घातलेला नाही.

आमची संस्था म्हणजे एका किराणा दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. आमच्याजवळ आमचं असं काही नव्हतंच. तपासणी आणि गोळ्या पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्याच्या. पोषण आहार सौसरकडच्या एका महिला मंडळाचा. तो पोचवायची गाडी संत्रा व्यापाऱ्यांच्या एका मंडळाची. आम्ही मधली माणसं. कोणाला कोणापाशी न्यायचं, आणि नेलं हे कोणाला कळू द्यायचं नाही, एवढंच आमचं काम. महिन्यातून एकदा सगळ्यांची बैठक व्हायची. तिचा अहवाल हिंदीत लिहायचा, भांडणं मराठीत करायची. भांडणं बहुतेक बॅनरची असत. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाचं चिन्ह कोणापेक्षा बोटभर मोठं.

अशाच एका बैठकीत महिला मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "गूळ, शेंगदाणे, फुटाणे, सातू, सगळं आपण प्लास्टिकच्या पन्न्यायमंधी भरून देतो. साजरं नाही दिसत. पिशवी पाह्यजे. अन् पिशवीवर मंडळाचं नाव."

"अन् आमचं," व्यापारी मंडळाचे सचिवभाऊ लगेच बोलले.

इथे मी उभी राहिले. मला उभं राहून बोलायला फार आवडतं. म्हटलं, "नाव अजिबात नको. नावाची पिशवी घेऊन बाई बसमधून उतरली की गाव वाचून घेईल. नुसता रंग ठेवू. संत्र्याचा. आपल्या भागाचा रंग. ना नाव, ना चिन्ह. कोण ओळखणार?"

खोलीत टाळ्या पडल्या. सचिवभाऊ म्हणाले, "ताईचं डोस्कं चालते." समोसे आले, मी दोन खाल्ले.

पिशवी झाली फार चांगली, आणि तिथेच घात झाला. जाड कापड, डबल शिलाई, खांद्यात अडकेल असा लांब बंद. असली पिशवी कोणती बाई माळ्यावर टाकेल? गूळ-शेंगदाणे आठवड्यात संपले, पिशवी बाजारात, शेतात, शाळेत फिरू लागली.

ती पिशवी घेणाऱ्यांत रामाकोन्याच्या बाजूच्या एका गावची बाई होती. नवरा वारलेला, मुलगी आठवीत. गावच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण शिजवायची. तिकडे हे काम बायांच्या बचत गटाकडे असतं, त्याला समूह म्हणतात. स्वयंपाकाला तिघी होत्या, पण डाळ हिच्याच हातची. पोरं ताट पुढे करून पुन्हा मागायची. घर त्याच चुलीवर चालायचं. पहिल्याच भेटीत तिनं मला सांगून टाकलं होतं, "ताई, गोळ्या म्या खाईन. जलमभर खाईन. पण गावाले समजलं अन् माहं चुलीपासचं काम गेलं, तं गोळ्या खाऊन करू काय?" तिचं एवढंच मागणं होतं. फोनमध्ये माझा नंबर तिनं 'गॅसवाली' म्हणून ठेवला होता. कोणाकडे मी ब्लाऊजवाली होते, कोणाकडे एलआयसीवाली. इतके धंदे मी आयुष्यात केले नाहीत.

पोषण आहाराच्या वाटपाचे फोटो मंडळांना अहवालासाठी हवे होते. मी अडून बसले, चेहरे दिसता कामा नयेत. सचिवभाऊंच्या शेजारी बसून, त्यांच्या मोबाईलवर, मी एकेक चेहरा स्वतः पुसून घेतला. एकीच्या कडेवरच्या बाळाचासुद्धा. दोन दिवसांनी तो फोटो गावच्या पेपरात आला, तिथून सगळ्या ग्रुपवर गेला. वर हिंदीत मथळा, की एचआयव्हीच्या रुग्णांना पोषण आहार वाटला. खाली चेहरे नसलेल्या बायांची रांग, आणि प्रत्येकीच्या हातात झगझगीत नारिंगी पिशवी.

मी तो फोटो पाहिला आणि मनाशी म्हटलं, किती काळजीनं केलं आपण. खरंच म्हटलं.

आठवड्याच्या आत तिचा फोन आला.

"ताई, पिशवी कुठून आणली म्हून इचारून राहिल्या."

"कोण विचारतंय?"

"समूहातल्या. एक म्हणे, आमाले बी दुकान सांग वो, रंग लय साजरा हाय. अन् दुसरीनं तोंडाले पदर लावला."

"मग तू काय सांगितलं?"

"म्हटलं, सौसरच्या बजारातली. तं म्हणे, कोणत्या लाइनीतली? भाजीच्या का दवाखान्याच्या?"

टेबलावर पडलेल्या पेपरातला फोटो तेव्हा मला दिसला. म्हणजे खरा दिसला. चेहरे पुसताना मी पिशव्यांकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तरी माझा रंग म्हणून कौतुकानंच पाहिलं असतं.

ती म्हणाली, "जाळून टाकू का?"

"नको, नको. एकदम बंद केली तर जास्त संशय येईल. थांब, काहीतरी करते मी."

काहीतरी करते, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की आमच्या घरातले लोक भांडीकुंडी आवरायला लागतात. पण ही कल्पना मला अजूनही, एक गोष्ट सोडली तर, चांगली वाटते. संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती. दिलेल्या पिशव्या परत घेता येत नाहीत, पण सगळीकडे वाटता येतात. महिला मंडळानं या वर्षीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हीच पिशवी लुटायची. सौसरात, मोहगावात, रामाकोन्यात, आजूबाजूच्या खेड्यांत. घरोघरी नारिंगी पिशवी झाली की कोणती गुळाची आणि कोणती वाणाची, हे ओळखणार कोण?

बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच कोणी बॅनरचं नाव काढलं नाही. सचिवभाऊंनी कापडाचा गठ्ठा पाठवला. अध्यक्षबाईंनी मंडळातल्या शिलाई येणाऱ्या सगळ्या बाया कामाला लावल्या. दवाखान्यात तपासणीच्या आधी आणि नंतर लोकांशी बोलणारी जी समुपदेशक मुलगी आहे, ती स्वतःच्या सुटीच्या दिवशी धागे कापायला आली. इतक्या संस्था एकाच कामाला जुंपलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. मला वाटलं, हेच ते, ज्याला आपण अहवालात समन्वय म्हणतो.

घरी पिशव्यांच्या घड्या घालत होते, तर सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"एवढ्या कोनाले?"

"सगळ्या बायांना, आई. वाण आहे."

"सगळ्या?"

"हो, सगळ्या म्हणजे सगळ्या. एकही सोडायची नाही."

त्यांनी एक पिशवी उचलून पाहिली, परत ठेवली. मग मागच्या खोलीत गेल्या आणि टीव्ही लावून बसल्या.

तिच्या गावचं हळदीकुंकू शाळेजवळच्या देवळाच्या ओट्यावर झालं. मी मुद्दाम गेले. बाया नटून आलेल्या, तीळगुळाचा वास, पोरींची धावपळ. समूहातल्या त्या दोघीही होत्या. मी माझ्या हातानं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, माझ्या हातानं नारिंगी पिशव्या दिल्या आणि मनात म्हटलं, घ्या, आता विचारा लाइन कोणती ते. एक उखाणाही घेतला. ती कुठे दिसली नाही. मला वाटलं, हुशार आहे, आपली ओळख दिसू नये म्हणून आली नाही.

बसमधून परत येताना तिला फोन लावला. माझं बोलणं काय वर्णावं.

"झालं बरं का तुझं काम. गावात आता घराघरात पिशवी आहे. उद्या तू बिनधास्त आपली पिशवी घेऊन शाळेत जा."

"पण ताई..."

"पण नाही आणि बिण नाही. लपवलीस तर संशय. खांद्याला लावून जा. कोणी विचारलं तर सांग, वाण आहे."

"ताई, पण मले..."

"अगं, घाबरू नको, मी आहे ना."

ती हो म्हणाली. मला वाटलं पटलं. फोन ठेवला. मी त्या बसमध्ये शेजारच्या बाईला मावशी इटारसीला कशी जागी झाली ते सांगितलं, इतकी मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी खांद्याला लावून शाळेत गेली. मी सांगितलं होतं म्हणून गेली. चुलीपाशी पिशवी टेकवते तोच एकीनं विचारलं, "तुले कोनं देल्लं वो वाण?"

बस, एवढंच विचारलं. पुढं काही विचारायची गरजच नव्हती. विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, तिला वाण देत नाहीत. हे त्या गावातल्या लहान पोरीलाही माहीत होतं. काल ओट्यावर कोण होतं आणि कोण नव्हतं, हे तर सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर होतं. पिशवी ज्यांच्या घरी आली, त्यांच्या कपाळाला कुंकू लागलेलं होतं. हिच्या कपाळाला नव्हतं, आणि पिशवी होती. म्हणजे ती दुसरीकडून आलेली. पेपरातली. आधी संशय होता, आता खात्री झाली, आणि ती खात्री करून द्यायला आम्ही चार संस्था मिळून खपलो होतो.

सासरे गेल्याला आमच्याकडे सात वर्षं झाली. दर संक्रांतीला सासूबाई तिळाचे लाडू वळतात, ताटं लावून देतात, आणि बाया यायला लागल्या की मागच्या खोलीत जाऊन टीव्ही लावतात. त्यांना कोणी जा म्हणत नाही. कोणी या असंही म्हणत नाही. मी स्वतः म्हटलेलं नाही. सात वर्षं माझ्या घरातली बाई माझ्या डोळ्यांसमोर उठून आत जाते, आणि मी बैठकीत उभी राहून म्हणते, सगळ्या बायांना.

त्या दिवशी घरी आले तर त्यांना माझ्या तोंडावरून कळलं की काहीतरी बिघडलं. नाव न सांगता एवढंच म्हटलं, "वाणाचं चुकलं, आई."

"मले इचारतीस तं सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. रागानं नाही. वाटाणे सोलत म्हणाल्या.

पुढचं लवकर घडलं. आयांनी पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. समूहाच्या प्रमुख बाईंना भेटले तर त्या हात जोडून म्हणाल्या, "आमी कोनाले काढलं नाही बापा. आमी कायद्यानं चालतो. तिले म्हटलं, तू गहू निवड, भायेर बस. भायेर तं बसाले सांगतलं, काढलं कुठं?"

मग आमची संयुक्त भेट ठरली. समुपदेशक मुलगी, अध्यक्षबाई, सचिवभाऊ आणि मी, जीपमधून शाळेत. मुख्याध्यापक भले माणूस होते. त्यांनी तिला त्या दिवशी पुन्हा चुलीपाशी उभं केलं. समुपदेशक मुलीनं पालकांना समजावलं, की हा आजार जेवणातून, हातातून, ताटातून लागत नाही. फार नीट समजावलं. पालक नीट ऐकत होते, माना हलवत होते. मग आम्ही सगळे व्हरांड्यात पंगत धरून बसलो आणि तिनं आम्हाला वाढलं. डाळ, भात, बटाट्याची भाजी. सचिवभाऊंनी फोटो काढायला मोबाईल वर केला, आणि मी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो खिशात गेला.

मी दोनदा डाळ मागून घेतली. चांगली होती म्हणून, आणि सगळ्यांना दिसावं म्हणूनही. समोर पोरं आपापले डबे उघडून बसली होती, पोळीचे तुकडे मोडत आमच्याकडे पाहत होती. त्यात तिची मुलगीही होती. तिच्याजवळ डबा नव्हता. ती एकटी ताट घेऊन आली आणि आईसमोर धरलं. तिच्या आजूबाजूची जागा रिकामी होती.

पातेलं भरलेलंच राहिलं. जीप निघाली तेव्हा मागच्या बाजूला कोणीतरी ती डाळ गाईंच्या कुंडात ओतत होतं.

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी ती स्वतःच गेली नाही. मी म्हटलं, आपण तक्रार करू, कायदा तुझ्या बाजूनं आहे, दवाखाना आहे, आम्ही आहोत. फोनवर ती म्हणाली, "कायदा पोरायच्या तोंडात घास घालते का ताई?" त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला पूर्ण बोलू दिलं. तिनं सांगितलं ते असं. नागपूरला चुलतबहीण आहे, तिथं एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळतंय. मुलीचं शाळेतून नाव काढलं आहे. गोळ्या तिकडच्या केंद्रातून मिळाव्या म्हणून दवाखान्याचा कागद हवा आहे.

मी म्हटलं, "कागद मी आणते. स्टँडवर भेटू, बसमध्ये बसवून देते तुम्हाला."

"नाही ताई. कागद दवाखान्यातल्या पोरीपाशी ठेवा, मी घेईन. तुम्ही स्टँडवर येऊ नोका."

"का गं?"

"तुमाले पाहून बी समजते आता लोकायले."

ती हे भांडून बोलली नव्हती. मावशीला जसं सांगावं, की पाय सांभाळून ठेवा, ओलं आहे, तसं बोलली होती. मी गेले नाही. त्या सकाळी बस सुटायच्या वेळेला मी माडीवरच्या खोलीत बसून मागच्या बैठकीचा अहवाल लिहीत होते. वाणाच्या पिशव्यांच्या ओळीपाशी येऊन थांबले. हिंदीत काय लिहावं ते सुचेना, मराठीतही सुचलं नाही. ती ओळ तशीच कोरी गेली. कोणी विचारलं नाही.

आता मला एका घरी जायचं असलं की आधी त्याच गल्लीतल्या चार घरी जाते. चहा पिते, गोष्टी सांगते, मग पाचव्या घरी. घरचे म्हणतात, हिला साखर होणार. पोषण आहार आता ज्याच्या त्याच्या घरच्या पिशवीत देतो. जुनी, फाटकी, खताच्या पोत्याची, जी असेल ती. बैठकीत हा ठराव मी मांडला, बसून मांडला.

दोन महिने गेले. तिचा फोन लागेना. नंबर बदलला असणार, त्यात 'गॅसवाली' गेली असणार. शेवटी मी घरूनच नागपूरच्या केंद्रात फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती. आमच्याकडून तिकडे गेलेल्या एका बाईबद्दल विचारते आहे, म्हटलं.

"मॅडम, पेशंटची माहिती आम्ही फोनवर देत नाही."

"बरोबर आहे. मीसुद्धा हेच काम करते. नाव सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. मागच्या दोन महिन्यांत पांढुर्ण्याचा कागद घेऊन एक बाई यायची होती, सोबत मुलगी. गोळ्या घ्यायला येते का, एवढंच."

पलीकडे रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "येते," आणि फोन ठेवून दिला.

मी खुर्चीवर बसले. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "कोनाचा फोन होता?"

"गॅसवाल्याचा."

"सिलिंडर तं कालच आलं."

मी फोन उलटा ठेवला. त्या बाहेर आल्या, माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. दुसरा प्रश्न त्यांच्या तोंडावर आलेला मला दिसत होता. तो त्यांनी विचारला नाही. आत गेल्या आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.